सांगलीची पोर, नवी मुंबईचं स्टेडियम: डी. वाय. पाटीलला पहिल्यांदा मॅच बघायला जाताय तर हे वाचा

मी मूळची सांगलीची, नोकरीसाठी घणसोलीला आले त्याला आता तीन वर्षं होतील. सांगलीत असताना मोठी मॅच म्हणजे टीव्ही, नाहीतर पुण्याच्या पुढे गहुंजेपर्यंत जायचं, म्हणजे आदल्या रात्री निघायचं, परत यायला दुसरा दिवस, आणि एवढं करायला घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. इथे आले तेव्हा कळलं की लोकलने अर्ध्या तासाच्या आत वर्ल्डकपचं मैदान आहे. तरी पहिलं वर्ष मी गेलेच नाही, कारण कसं जायचं, एकटीने जावं का, आपली टीम वेगळी तर लोक काय म्हणतील, काही माहीत नव्हतं आणि विचारायलाही कोणी नव्हतं. म्हणून हे सगळं लिहितेय, जे बाहेरून येऊन ठाणे नवी मुंबईत राहिलेत आणि क्रिकेटवर मनापासून जीव आहे त्यांच्यासाठी.

आधी टीमचं बोलू, कारण बाहेरून आलेल्या माणसाची खरी अडचण तिथे असते. मी भारताची ओपनर स्मृती मानधनाची फॅन, म्हणजे डब्ल्यूपीएलमध्ये (महिलांच्या आयपीएलमध्ये) आरसीबीची, बंगळुरूच्या टीमची. आमच्याकडे हे काही वेगळं वाटत नाही, ती सांगलीत वाढलेली आणि मिरज ओलांडलं की कर्नाटक, बाजारात कन्नड कानावर पडतंच. 2024 ला दिल्लीत आरसीबीच्या मुलींनी कप जिंकला तेव्हा 'ई साला कप नमदु' (कन्नडमध्ये, यंदाचा कप आपला) आमच्या गल्लीत मराठी पोरांनी म्हटलेलं. पण इथे सगळी पलटन, म्हणजे मुंबई इंडियन्सचे फॅन, सगळीकडे निळं. ऑफिसात मला सांगितलं की मुंबईत राहतेस तर मुंबईला सपोर्ट कर. मी म्हणते असं काही करायची गरज नाही. आपला शर्ट घाला आणि जा. मी तीन वेळा लाल शर्टात निळ्या लोकांच्या मधे बसलेय, एकदाही कोणी वाकडं बोललं नाही. चिडवतात, आपली विकेट पडली की मागे वळून बघतात आणि हसतात, आपणही चौकार गेला की उभं राहून ओरडायचं. एकच गोष्ट पाळा, समोरच्या टीमच्या खेळाडूला नावं ठेवू नका. मुंबईच्या हरमनप्रीतने शॉट मारला तर टाळी वाजवायची, इंडियाच्या टीमची ती आपलीच कॅप्टन आहे. इथल्या लोकांना क्रिकेट कळतं आणि चांगल्या शॉटला दोन्हीकडून टाळी पडते हे मी स्वतः बघितलंय.

इंडियाची मॅच असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे सगळे एक.

आता तिकीट. प्रत्येक स्पर्धेचं तिकीट कुठल्या ॲपवर आहे हे बदलत असतं, त्यामुळे स्पर्धेच्या अधिकृत पानावर जी लिंक दिलीय तीच धरा, व्हॉट्सॲपवर फिरणारी कुठलीही लिंक उघडू नका आणि गेटबाहेर ब्लॅकवाल्याकडून तर बिलकुल घेऊ नका, कोड स्कॅन झाला नाही तर पैसे गेले. महिलांच्या मॅचची तिकिटं पुष्कळ स्वस्त असतात, 2025 च्या वर्ल्डकपला 100 रुपयांपासून तिकीट होतं. मला वाटतं पहिली मॅच महिलांचीच बघा, नुसतं स्वस्त म्हणून नाही, तर गर्दीत कुटुंबं जास्त असतात, लहान मुली बॅट घेऊन आलेल्या असतात, एकट्या बाईला निवांत बसता येतं.

सीट निवडताना दोन गोष्टी बघा. दुपारची मॅच असेल तर ऊन. नकाशा उघडा, पश्चिमेकडची बाजू कुठली ते बघा आणि त्या स्टँडमध्ये तिकीट घ्या, म्हणजे दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो. समोरच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये संध्याकाळपर्यंत ऊन थेट डोळ्यात येतं, मी एकदा दीड तास कपाळावर हात धरून मॅच बघितलीय. दुसरी गोष्ट, काय बघायचंय. बॉल किती वळला, किती स्विंग झाला हे बघायचं असेल तर साइटस्क्रीनच्या (खेळपट्टीच्या सरळ रेषेत बाउंड्रीबाहेर लावलेल्या मोठ्या पडद्याच्या) मागे आणि वरच्या मजल्यावर बसा. मला स्मृतीचा कव्हर ड्राइव्ह बघायचा असतो म्हणून मी बाजूला बसते, खेळपट्टीच्या काटकोनात, खालच्या मजल्यावर. ती डावखुरी, आणि एन्ड बदलतात, त्यामुळे एका ओव्हरला तिची ऑफ साइड आपल्याकडे असते आणि पुढच्या ओव्हरला पाठ. पण ज्या ओव्हरला आपल्याकडे असते त्या ओव्हरमध्ये बॉल गवतावरून सरळ आपल्या दिशेने येताना दिसतो आणि बॅटचा आवाज थोडा उशिरा येतो, आधी बॉल सुटलेला दिसतो मग टक् असा आवाज. टीव्हीवर हे कधीच कळत नाही. आणि या स्टेडियमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे छपराला खालून खांब नाहीत, हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी डिझाइनच तसं केलंय, त्यामुळे कुठेही बसलात तरी डोळ्यासमोर खांब येत नाही.

जाता जाता सांगते, डॉ. डी. वाय. पाटील हे मूळचे कोल्हापूरकडचे. म्हणजे आपल्याकडच्या माणसाच्या नावाचं मैदान आहे हे. 2008 च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी 1 जूनला पहिल्या आयपीएलची फायनल इथे झाली, राजस्थानने शेवटच्या बॉलवर चेन्नईला हरवलं ती. ती मॅच मी सांगलीत मामाच्या घरी पंधरा वीस जणांत बसून बघितलेली, तेव्हा हे मैदान कुठे आहे ते पण माहीत नव्हतं.

जायचं कसं यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे नवीन माणूस हमखास चुकतो. स्टेशन दोन, नेरूळ आणि जुईनगर. दोन्हीकडून चालत जाता येतं, नेरूळ जवळ पडतं, पूर्वेला उतरायचं आणि वीस पंचवीस मिनिटं चालायचं, मॅचच्या दिवशी रस्ता विचारावा लागत नाही, जर्सीवाले जिकडे चाललेत तिकडे जायचं. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बर धरायची, ठाणे स्टेशनला नऊ आणि दहा नंबर प्लॅटफॉर्म. मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. आणि इथे लक्ष द्या, तुर्भेच्या पुढे फाटा आहे. ठाणे-वाशी गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते, तुम्हाला पाहिजे ती ठाणे-पनवेल किंवा ठाणे-नेरूळ, जी जुईनगरवरून नेरूळला जाते. मी पहिल्यांदा घणसोलीला जी आली त्या गाडीत चढले, सगळ्या एकाच लाइनच्या ना असं वाटलं, आणि थेट वाशीला उतरले. मग वाशीहून पनवेल गाडी पकडून परत सानपाडा, जुईनगर, नेरूळ. पहिल्या चार ओव्हर गेल्या त्यात. इंडिकेटरवर फक्त वेळ बघू नका, शेवटचं स्टेशन बघा. चुकून वाशी गाडीत बसलातच तर तुर्भेला उतरा आणि मागची गाडी घ्या, वाशीपर्यंत जाऊ नका.

कल्याण डोंबिवलीवाल्यांनी ठाण्याला बदलायचं, मुंबईकडून येणाऱ्यांनी हार्बरची पनवेल गाडी. उरणकडचे आता थेट नेरूळला येऊ शकतात, 2024 च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल चालू आहे.

रविवारची मॅच असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा. हे सांगली कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही कारण आपल्याकडे असं काही नसतं. इथे रविवारी दिवसा देखभालीसाठी लाइन बंद ठेवतात, कधी हार्बर, कधी ट्रान्स हार्बर, आणि दुपारच्या मॅचला निघायची वेळ नेमकी त्यातच येते. शनिवारी पेपरमध्ये आणि एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवर येतं. ब्लॉक असेल तर बसने निघा आणि एक तास हाताशी जास्त ठेवा. पास नसेल तर रिटर्न तिकीटच काढा, रात्री नेरूळच्या खिडकीवर रांग लागते. स्वतःची गाडी नेऊ नका असंच मी सांगेन, सायन-पनवेल हायवे मॅचच्या दिवशी भरून जातो आणि पार्किंग इतकं लांब मिळतं की स्टेशनवरून चालत गेलेलं बरं. बाइक नेलीच तर हेल्मेट बाइकलाच लॉक करा, आत नेता येत नाही.

काय न्यायचं आणि काय नाही. फोन, थोडे पैसे नोटांमध्ये, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, टोपी, संपला विषय. बॅग, पाण्याची बाटली, छत्री, पॉवरबँक, सेल्फी स्टिक, सुटी नाणी, परफ्यूम, लायटर हे सहसा गेटवर काढून ठेवायला लावतात आणि तिथे ठेवायला लॉकर असेल या भरवशावर जाऊ नका. बाहेरचं खाणं पण नाही. मला हे माहीत नव्हतं. आईने पाठवलेलं भडंग मी पिशवीत घेऊन गेलेले, आरसीबीच्या मॅचला सांगलीचं भडंग खायचं हे मी आठवडाभर आधी ठरवलेलं. गेटवरच्या ताईने पिशवी उघडली, वास घेतला, म्हणाली कुठलं गं हे, मी म्हटलं सांगलीचं, ती म्हणाली माझं माहेर तासगाव. पण आत सोडता येणार नाही म्हणाली, नियम आहे. मग मी बाहेर रांगेच्या कडेला उभी राहून अर्धं खाल्लं आणि उरलेलं तिला दिलं, ती ड्युटी संपल्यावर खाते म्हणाली. तिला नियमातून सोडा असं म्हणायला मला जमलं नाही, तिचीही नोकरी आहे. तेव्हापासून मी स्टेशनजवळच वडापाव, उसळ असं काहीतरी पोटभर खाऊन आत जाते, आतलं खाणं महाग आणि इनिंग ब्रेकला स्टॉलवर इतकी गर्दी की परत येईपर्यंत दोन ओव्हर जातात. घ्यायचंच असेल तर इनिंग संपायच्या दोन ओव्हर आधी उठा.

फोन शंभर टक्के चार्ज करून निघा आणि तिकिटाचा कोड स्टेशनवरच उघडून ठेवा. गेटजवळ हजारो लोक एकदम, नेट चालत नाही. काही ॲपवर स्क्रीनशॉट चालत नाही, कोड सारखा बदलतो, तो प्रकार आधी वाचून घ्या. चार जणांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच गेटवर यायचं, नाहीतर पहिला आत आणि बाकीचे बाहेर असं होतं. जर्सी नसेल तर बाहेर रस्त्यावर भरपूर मिळतात, पण धुतल्यावर रंग जातो, म्हणून पहिल्यांदा वेगळ्या धुवा. गालावर तिरंगा काढणारी पोरं असतात, जरूर काढून घ्या.

सुरू व्हायच्या तासभर आधी आत बसलेलं चांगलं. खेळाडू वॉर्म-अप करताना, कॅच घेताना जवळून दिसतात आणि मैदानावरची लगबग बघायला मला मॅचइतकंच आवडतं.

आत बसल्यावरच्या काही गोष्टी. ओव्हर चालू असताना उठायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही पण मागून लगेच आवाज येतो, ओ ताई बसा की. ओव्हर संपली की उठा, ओव्हर संपली की या. कॉमेंट्री नसते, म्हणून पहिले दहा मिनिटं मॅच मुकी वाटते, रिप्लेची सवय असते आपल्याला. मोठ्या स्क्रीनवर रिप्ले येतो पण प्रत्येक बॉलचा नाही. तेव्हा बॉलरपेक्षा कॅप्टनकडे बघत रहा, ती कोणाला कुठे हलवतेय ते बघा, दोन ओव्हरमध्ये कळायला लागतं की पुढचा बॉल कुठे पडणार. हे मला शेजारी बसलेल्या एका काकांनी शिकवलं, ठाण्याचे, निळी जर्सी, रिटायर्ड, बरोबर नात. मी लाल शर्टात असून त्यांनी पूर्ण मॅच मला समजावून सांगितली. रात्रीचं दव पण त्यांनीच दाखवलं. म्हणाले बॉलर बघ, प्रत्येक बॉलआधी टॉवेल. खाडी जवळ, हवा दमट, रात्री गवत ओलं होतं आणि बॉल हातातून सुटतो, स्पिनरला पकड मिळत नाही. म्हणून इथे टॉस जिंकणारी टीम बऱ्याचदा आधी बॉलिंग घेते. मग मी बघितलं तर खरंच, बाउंड्रीवरून बॉल परत आला की आधी तो पुसायचा आणि मगच बॉलरकडे. आता मी पण शेजारच्यांना हेच दाखवते. एकटे गेलात तर शेजारच्याशी बोला, नाव विचारलं नाही तरी चालतं, कोणाचा फॅन एवढं विचारलं की झालं.

मुंबईत ओरडायची पद्धत पण शिकून घ्या. कोणीतरी एकदम 'गणपती बाप्पा' म्हणतं आणि अख्ख्या ब्लॉकने 'मोरया' म्हणायचं असतं. मेक्सिकन वेव्ह येताना दिसली की आधीच तयार रहायचं. ढोल ताशा असेल तर विकेटवर वाजतो.

पावसाचं पण सांगते, कारण ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेला असं आपल्याला वाटतं आणि इथे तसं नसतं. 23 ऑक्टोबर 2025, इंडिया न्यूझीलंड, मी हाफ डे टाकून गेले. स्मृती आणि प्रतिका रावल यांनी 212 ची ओपनिंग केली, स्मृतीचे 109, प्रतिकाचे 122. सांगलीच्या मुलीचं वर्ल्डकपमधलं शतक मी डोळ्यांनी बघितलं, तिने बॅट वर केली तेव्हा मला काही ओरडता पण आलं नाही, नुसती उभी होते. पावसामुळे आपली इनिंग 49 ओव्हरला थांबली, 340 ला 3, आणि मग पावसाच्या नियमाने न्यूझीलंडला 44 ओव्हरमध्ये 325 चं टार्गेट मिळालं. आपण 53 रन्सनी जिंकलो. त्यानंतर तीनच दिवसांनी बांगलादेशची मॅच इथेच पावसात पूर्ण झाली नाही. आणि 2 नोव्हेंबरची फायनल तर दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाली आणि दीप्ती शर्माच्या बॉलवर हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा मध्यरात्र होत आलेली. फायनलचं तिकीट मला मिळालं नाही, ती मी घणसोलीत शेजाऱ्यांकडे बघितली, पण ज्या मैत्रिणी गेल्या होत्या त्यांचा पुढचा प्रश्न घरी कसं जायचं हा होता. म्हणून पाऊस आला की मोबाइलवर शेवटची गाडी बघा. घाबरून उठून जाऊ नका, कव्हर टाकले म्हणजे मॅच संपली असं नसतं, इथलं पाणी लवकर निघतं आणि अर्धी गर्दी गेल्यावर खाली चांगल्या जागा दिसतात, पण तिथल्या स्वयंसेवकाला विचारूनच बसा.

परतीचं मी नेहमी आधी ठरवते. नेरूळहून ठाण्याकडे शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर काय, कोण घ्यायला येईल की वाशीला मैत्रिणीकडे रहायचं, हे मॅचला निघायच्या आधी घरी सांगून ठेवायचं. मॅच संपल्यावर गेटबाहेर रिक्षा शोधत उभं राहू नका, त्या वेळी मीटरने कोणी येत नाही आणि मागतील ते द्यावं लागतं. सरळ स्टेशनकडे चालायला लागा, सगळी गर्दी त्याच रस्त्याने असते, रात्री अकराला पण एकटं वाटत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका, गेटवरच्या रेट्यात हात सुटतो. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, मी तोच डबा बघून चढते.

आणि गाडीत बसलात की घरी फोन करा. आमच्याकडे बाबा जागे असतात. स्कोअर सांगू नका, त्यांनी टीव्हीवर सगळं बघितलेलं असतं, जे टीव्हीत आलं नाही ते सांगा. त्या न्यूझीलंडच्या रात्री मी बाबांना सांगितलं की माझ्या पुढच्या रांगेत सहा सात वर्षांची एक मुलगी होती, पाठीवर स्मृतीचा 18 नंबर, स्मृती आउट होईपर्यंत खुर्चीवर उभी होती आणि पाऊस सुरू झाला तशी बापाच्या खांद्यावर झोपली ती झोपलीच, मॅच जिंकल्यावर एवढा आवाज झाला तरी उठली नाही. बाबा म्हणाले, तू पण अशीच झोपायचीस, मामाच्या घरी. तोपर्यंत जुईनगर गेलेलं.